काज कोणत्या बाजूला

आमच्या घरात कॉम्प्युटर माझा आणि शिवणाचं मशीन सुनेचं, अशी सरळ वाटणी आहे. दोन्ही एकाच खोलीत, एकाच भिंतीला टेकून. तिचं मशीन चाललं की माझ्या कॉम्प्युटरचा पडदा थरथरतो, आणि त्याचा पंखा घरघरायला लागला की ती पाय थांबवून विचारते, "आई, ह्याला दोन थेंब तेल सोडू का?" भांडण असलंच तर एवढंच. सासू-सुनेच्या ज्या गोष्टी ऐकायला लोक कान टवकारून बसतात, त्या आमच्याकडे मिळायच्या नाहीत. तिखट स्वभाव माझा आहे, तिचा नाही. पण माझा तिखटपणा मी मुलासाठी राखून ठेवलाय.

मी सगळी नोकरी टायपिस्ट म्हणून केली. साहेब बदलले, टायपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले, माझी खुर्ची मात्र तीच राहिली. निवृत्त झाल्यावर बरोबरीच्या बायका गुडघ्यांवर बोलायला लागल्या. मी दुकानात जाऊन एक सॉफ्टवेअर घेऊन आले. डब्यावर लिहिलं होतं, 'फोटो, आवाज, व्हिडिओ, सगळं एकातच'. उघडलं की पडद्यावर मोठे चौकोन येतात. एकात फोटो कापायचे, एकात आवाज भरायचा, एकात व्हिडिओचे तुकडे जोडायचे, एकात एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलायची, आणि कोणाला हवीच असेल तर डिस्कही काढून मिळते.

माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे बटणांची अक्कल फक्त आपल्यालाच आहे असं त्याला वाटतं. तो म्हणाला, "आई, ह्यातलं तू वापरणार काय?"

"सगळं," मी म्हटलं.

आणि वापरलं. मावसबहिणीच्या जुन्या फोटोतून तिच्या नवऱ्याला अलगद कापून काढला, तिच्याच सांगण्यावरून. मुलाचं दुपारचं घोरणं भरून घेतलं, त्याच्यामागे बँड लावला आणि त्याला वाढदिवसाला दिला. तेव्हापासून तो माझ्या सॉफ्टवेअरला नावं ठेवत नाही.

आता सुनेचं सांगते. ती डावखुरी आहे. कात्री, सुई, खडू, सगळं डाव्या हातात. लग्नाआधीपासून ती एका शिंप्याच्या दुकानात कामाला होती आणि कोटाची काजं हाताने करायची. काज म्हणजे बटण जातं ते भोक. त्याच्या कडेला दाट टाके घालून ते बांधून घ्यावं लागतं. हाताचं काज करणारी माणसं आता दिवा घेऊन शोधावी लागतात. तिचं काज पाहिलं तर वाटतं, कापड असंच उगवलं असावं. पण मालकांनी तिला कायम पडद्यामागे बसवलं. गिऱ्हाईकाने डावा हात चालताना पाहिला तर त्याला उगाच वाटतं म्हणे, की शिलाई उलटी येणार. ती तिथेच बसली आणि कधी काही बोलली नाही. मला मात्र दर वेळी ते आठवून राग येतो.

मग मालक थकले आणि दुकान बंद झालं. तिच्यासमोर दोन वाटा होत्या. एक तयार कपड्यांचा कारखाना. तिथे दिवसभर फक्त बाह्यांना कफ जोडायचे. पुढची बाई पुढचं जोडणार. त्यांनी तिला घेतलंच होतं, सोमवारपर्यंत हो म्हणायचं होतं. दुसरी वाट म्हणजे आमच्या घरापासून जवळच असलेला शिवणक्लास. तिथे हातशिलाई शिकवायला बाई हवी होती. काही जणी क्लासात येऊन शिकत, काही घरी बसून कॉम्प्युटरवर बघून शिकत, म्हणून क्लासच्या मोठ्या बाईंनी अर्जासोबत व्हिडिओ मागितला होता: पुरुषांच्या शर्टाच्या पट्टीवर हाताने काज करून दाखवा.

"मला ते हवंय, आई," ती म्हणाली. इतक्या वर्षांत 'मला हवंय' हे शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. "कारखाना वाईट नाही. पण तिथे परत कोणाला न दिसता बसायचं. आता नको वाटतं."

"मग झालं तर! काज म्हणजे तुझ्या डाव्या हाताचा मळ."

"तोच तर घोळ आहे ना," ती म्हणाली. "डाव्या हाताची बाई शिकवणार कशी? मागे एका क्लासने हेच सांगून परत पाठवलं होतं. आणि त्यांचं काय चुकलं? मला तरी कुठे शिकवता आलं तुम्हाला?"

तिने मला काज शिकवायचा खूप प्रयत्न केला होता. मी तिच्या शेजारी बसायची, आमची कोपरं एकमेकांना लागायची, ती एकीकडून टाका घालायची, मी दुसरीकडून, आणि शेवटी दोऱ्याचं घरटं व्हायचं. मी सुई ठेवून दिली आणि तिने मनात धरलं की आपल्याला शिकवता येत नाही.

"व्हिडिओ कशाला हवा?" मी म्हटलं. "तुझा एक कोट नेऊन त्यांच्या टेबलावर ठेव. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

पण मागितलाय म्हटल्यावर द्यायला हवा. मोबाइल पुस्तकांच्या थप्पीला टेकवून टेबलाच्या ह्या बाजूला ठेवला, ती पलीकडच्या बाजूला बसली. तोंड नको, फक्त हात येऊ दे, म्हणाली. तिने काज केलं, मी ते कॉम्प्युटरवर घेतलं आणि मग मला कोण आवरणार? सुरुवातीला चांदण्या पडल्या. एक टाका संपला की पान उलटायचं. कात्री आली की मागून घंटा. सून बराच वेळ सोशिकपणे बघत राहिली.

"आई, ह्यात काज कुठे आहे?"

"येईल की. आधी वातावरण तयार होऊ दे."

चांदण्या काढल्या. घंटा काढली. बाजूच्या यादीत आणखी काय काय आहे ते बघता बघता एक बटण दिसलं, 'आडवं उलटं करा'. माझं तत्त्व सरळ आहे: बटण दिसलं की दाबायचं. दाबलं, आणि पडद्यावरची बाई उजव्या हाताने शिवायला लागली.

सून खुर्चीवरून उठून पडद्याजवळ आली. तिच्याच बोटांकडे ती परक्यासारखी बघत होती. उजवा हात, तोच वेग, तोच दोऱ्याचा झटका.

"ही कोण?" ती हळूच म्हणाली.

"तूच की."

"शाळेत असताना सगळ्यांना हीच मुलगी हवी होती, आई." तिचे डोळे भरून आले होते. माझ्या हातात माउस होता, म्हणून मी तो उगाच इकडेतिकडे हलवला.

मग ती सावरली आणि म्हणाली, "हाच पाठवू या."

खोटं आहे हे दोघींनाही कळत होतं. पण मनात आणलं की माणूस कारणं शोधतोच. काज तिचंच आहे, हात तिचेच आहेत, फक्त बाजू बदलली. आणि एकदा लबाडी करायची ठरवल्यावर ती नीट करावी, ह्या बाबतीत मी फार काटेकोर आहे. मी पडदा बारकाईने तपासला. भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे उलटे दिसत होते. घड्याळाचे काटे उलटे फिरत होते. टेपवरचे इंच, दोऱ्याच्या रिळावरची अक्षरं, सगळं बोंबलत होतं. आम्ही कॅलेंडर उतरवलं, घड्याळ उतरवलं, टेप खणात टाकली, रिळावरचा कागद सोलला आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून टिपलं. शेवटी सुनेने शर्टाची बटणं लावून पुढचा भाग ऐटीत मोबाइलसमोर धरला. मी ते उलटं केलं, क्लासला लागणाऱ्या प्रकारात फाइल बदलली आणि पाठवून दिली. मुलाने घरी आल्यावर भिंतीवरचे नुसते खिळे बघितले आणि विचारलं, "चोरी झाली का?" आम्ही दोघी इतक्या हसलो की त्याला खरंच तसं वाटलं.

दोन-तीन दिवसांनी सकाळी मोठ्या बाईंचा फोन आला. सुनेने मला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"काज बघितलं मी," बाई म्हणाल्या. "पुन्हा पुन्हा बघितलं. फार सुरेख हात आहे तुमचा. एकच विचारायचं होतं. आम्ही पुरुषांचा शर्ट मागितला होता. तुम्ही बायकांचा का पाठवलात?"

सुनेच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मला काही कळेना. ती फोनवर हात ठेवून कुजबुजली, "काजपट्टी."

आणि मग मलाही कळलं. पुरुषांच्या शर्टाला काजं घालणाऱ्याच्या डाव्या बाजूला आणि बटणं उजव्या बाजूला. बायकांच्या शर्टाला बरोबर उलट. कोणत्याही शिंप्याला हे झोपेतून उठवून विचारा. घरातला एकूण एक आकडा आम्ही लपवला, आणि पडद्याच्या मधोमध धरलेला शर्ट मात्र दोघींनाही दिसला नाही. मी सोडा, पण सुनेच्या हाताखालून एवढे शर्ट गेलेले! ती त्या उजव्या हाताकडे इतकी बघत होती, की कापडाकडे तिचं लक्षच गेलं नाही.

"सांग, कॉम्प्युटरने घोळ केला," मी पुटपुटले. "सांग, सासूने केला. माझ्यावर ढकल."

तिने नकारार्थी मान हलवली. ह्या घडीला तिच्यासमोर दोनच रस्ते होते. काज कोणत्या बाजूला येतं हे माहीत नसलेली शिंपीण व्हायचं, नाहीतर खरं बोलायचं.

"बाई, शर्ट पुरुषांचाच आहे," ती म्हणाली. आवाज कापत होता. "माझा हात डावा आहे. तुम्ही नाही म्हणाल म्हणून व्हिडिओ आरशातल्यासारखा उलटा केला. चुकलं माझं."

मी मनातल्या मनात कारखान्याचे कफ मोजायला लागले.

"चुकलंच," बाई म्हणाल्या. "आणि डावा हात म्हणजे, खरं सांगायचं तर मला काळजीच वाटते. आमच्याकडे नवशिक्या बायका येतात, गोंधळून जातील. पण ते काज काही डोळ्यांपुढून जात नाही. उद्या सकाळी या. समोर बघून ठरवू. आणि तो सरळ व्हिडिओही आणा."

फोन ठेवल्यावर सून मशीनवर जाऊन बसली आणि काहीही न शिवता चाक फिरवत राहिली. "उद्या जायचं तरी कशाला?" ती म्हणाली. "त्या प्रेमाने नाही म्हणतील, एवढाच फरक." मग भाजी आणायच्या निमित्ताने बाहेर पडली. भाजी घरात होती.

मी सरळ व्हिडिओ काढायला बसले. उलटं केलेलं परत सुलटं करायला एक बटण पुरतं, पण ह्या खेपेला मला नीट खात्री करायची होती, म्हणून मी तो सावकाश वेगाने लावला आणि टाका न् टाका बघायला लागले. शर्ट ठीक होता, काजं योग्य बाजूला होती. बघता बघता माझ्या लक्षात आलं की माझा उजवा हात मांडीवर आपोआप हलतोय. पडद्यावर सुई उजवीकडे, माझा हात उजवीकडे. तिने दोरा सुईखालून फिरवला, माझं बोट फिरलं.

मी तिच्या डब्यातून सुई आणि कापडाचा तुकडा काढला. ती कापडात सुई घाली, मी घाली. ती ओढी, मी ओढी. कोपर कोणाला लागत नव्हतं, डोक्यात उलटसुलट करायला लागत नव्हतं. व्हिडिओ संपला तेव्हा माझ्या हातात एक काज होतं. उंदराने कुरतडल्यासारखं दिसत होतं, पण काज होतं! बटण त्यातून जाऊन परत आलं. मग मी तो उलटा केलेला व्हिडिओ लावला, उजव्या हाताच्या बाईचा, आणि पुन्हा बसले. चौथ्या टाक्याला घरटं.

सून पिशवी घेऊन आत आली तशी मी तिला हाताला धरून टेबलाशी आणलं.

"बस. इथे नाही, पलीकडे. माझ्यासमोर. आता काज कर."

"आई, काय चाललंय?"

"कर म्हणते ना!"

तिने सुई घेतली. मी तिच्याकडे बघत माझी सुई घेतली. ती डाव्या हाताने, मी उजव्या, दोघी टेबलाच्या एकाच बाजूला हात नेत होतो. तिने अर्ध्या काजानंतर मान वर केली, माझ्या हाताकडे बघितलं, मग स्वतःच्या. पुन्हा माझ्या.

"मी तुम्हाला कायम शेजारी बसवत होते," ती हळू म्हणाली.

"आणि समोर बसलं की तू माझा आरसा आहेस. उजव्या हाताच्या बाईला हे जन्मात जमायचं नाही. तिच्यासमोर बसलं की सगळं मनात उलटं करावं लागतं."

मग तिने माझं काज हातात घेतलं, उजेडात धरलं आणि म्हणाली, "हे फार वाईट आहे, आई." आणि पदराने डोळे पुसले. मला इतका आनंद झाला की मी तिला उलट उत्तरही दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीही गेले. व्हिडिओची जबाबदारी माझी होती, असं मी सर्वांना सांगितलं. क्लास म्हणजे लांबट खोली, मधे मोठं टेबल, खाली दोऱ्यांचे तुकडे. टेबलाभोवती बायका होत्या, लहान-मोठ्या. मोठ्या बाई ठेंगण्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. बोलणं फोनवरच्यासारखंच, सरळ.

"माझी शंका मी सांगितलीच आहे," त्या म्हणाल्या. "करा सुरुवात."

सुनेने सगळ्यांना टेबलाच्या पलीकडे बसायला सांगितलं. तिच्या बाजूला दोनच खुर्च्या होत्या. एकीवर ती, दुसरीवर मी, पर्स मांडीवर घेऊन.

"माझा हात डावा आहे," ती म्हणाली. ह्या खेपेला आवाज कापला नाही. "तुमचा उजवा आहे. ते विसरा. आरशासमोर केस विंचरता तसं माझ्याकडे बघा. माझी सुई ज्या बाजूला जाईल, तुमची त्याच बाजूला न्या. बास."

पहिल्या काही टाक्यांना कुजबुज झाली. मग ती थांबली. समोर ओळीने हात एकदम वर जात होते, एकदम खाली येत होते. कोणी मान वाकडी करून बघत नव्हतं. मोठ्या बाई आधी उभ्या होत्या. मग त्यांनी चष्मा लावला, एक तुकडा ओढला आणि त्याही बसल्या. त्यांना काज काय शिकायचं होतं? पण त्या सुनेच्या हाताकडे बघत टाका न् टाका घालत गेल्या.

"मी आयुष्यभर मुलींना सांगत आले, माझं बघा आणि मनात उलटं करा," त्या शेवटी म्हणाल्या. "बिचाऱ्या करत होत्या." त्या माझ्याकडे वळल्या. "तो सरळ व्हिडिओ आणलाय ना? घरी शिकणाऱ्या मुलींना आजच पाठवू. आणि तुम्ही," हे सुनेला, "सोमवारपासून या. वेळ मागाहून ठरवू."

सून 'हो' म्हणाली, पण तिचं लक्ष भलतीकडेच होतं. मला वाटलं, आनंदाने भान हरपलंय. ती टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका बाईकडे बघत होती. बेकरीत काम करणारी असावी, बाहीला पीठ होतं. बाकीच्यांच्या हातात काजं होती, हिच्या हातात गुंता होता, आणि ती तो तळहाताखाली झाकत होती.

"सुईत दोरा कोणत्या हाताने ओवलात?" सुनेने विचारलं.

बाई कावरीबावरी झाली. "डाव्या. सवय आहे हो. पण शिवायचं उजव्यानेच ना? मी प्रयत्न करतेय."

सून क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, उठा जरा. ही खुर्ची ह्यांना हवी."

सुनेने सासूला चारचौघींत खुर्चीवरून उठवलं. माझ्या बरोबरीच्या बायकांना कळलं तर महिनाभर पुरेल. मी पर्स उचलली आणि इतक्या घाईने उठले की मोठ्या बाई हसल्या. बेकरीवाली भीत भीत टेबलाला वळसा घालून आली, सुनेच्या शेजारी बसली, आणि तिने सुई डाव्या हातात घेतली.